विज्ञानकथांतील कल्पित राष्ट्रे

विज्ञानकथांतील कल्पित राष्ट्रे : विज्ञानकथेच्या कथानकासाठी लेखकाने निर्मिलेली, प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेली राज्ये, साम्राज्ये, वसाहती वा संघराज्ये. ‘राष्ट्र’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने योजिली जाते. ज्या मानवसमूहाला स्वतःची सत्ता, कायदा, श्रद्धा आणि भूतकाळाची स्मृती आहे, असा कोणताही संघटित समाज तीत अंतर्भूत होतो. अशा राष्ट्रांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : (१) पृथ्वीवरील अज्ञात प्रदेशात कल्पिलेली राष्ट्रे, (२) भविष्यकाळात वा परग्रहांवर वसलेली राष्ट्रे आणि (३) इतिहासातील एखादी घटना वेगळ्या रीतीने घडली असे मानून उभी केलेली पर्यायी इतिहासातील राष्ट्रे. परीकथेतील राज्याला कार्यकारणभावाचे बंधन नसते. विज्ञानकथेतील राष्ट्राला ते असते. एक वा अधिक गृहीतके मान्य केल्यावर पुढील सर्व गोष्टी त्यांतून तर्कसंगतपणे निष्पन्न व्हाव्यात, ही वाचकाची अपेक्षा असते. ही संगती साधण्यासाठी लेखकांनी प्रत्यक्ष इतिहास आणि धर्म यांचा आधार वारंवार घेतलेला आहे.

इतिहास व धर्म यांच्या उपयोगाचे स्वरूप : कोणताही लेखक एक संपूर्ण समाज शून्यातून निर्माण करू शकत नाही. करवसुली, वारसाहक्क, सैन्याची रसद, पंचांग, विवाहसंबंध, अंत्यविधी इ. असंख्य गोष्टी परस्परांत गुंतलेल्या असतात व त्यांचे परस्परसंबंध शतकानुशतकांच्या व्यवहारातून ठरलेले असतात. इतिहास हे अशा संबंधांचे तयार भांडार होय. लेखक त्यातून दोन प्रकारे उसनवारी करतो. पहिल्या प्रकारात तो बाह्यांगे घेतो : नावे, पदव्या, पोशाख, देवतांची रूपे, विधी. दुसऱ्या प्रकारात तो संबंध घेतो : सत्तेला मान्यता कोण देतो, ज्ञानाचा खर्च कोण चालवितो, पराभूतांचा इतिहास कोण लिहितो, दुष्काळात धान्य कोणाच्या कोठारात असते. केवळ पहिल्या प्रकारावर विसंबलेले राष्ट्र नाटकाच्या पडद्यासारखे सपाट राहते. याउलट, ऐतिहासिक संबंध कायम ठेवून त्यांतील एखादीच अट बदलली, तर नावे पूर्णपणे काल्पनिक असूनही ते राष्ट्र खरे भासते. या प्रकारच्या साहित्याचे गुणदोष पारखण्याची ही प्रमुख कसोटी म्हणता येईल.

ऐतिहासिक आढावा : या परंपरेचा आरंभ सर टॉमस मोर (१४७८–१५३५) यांच्या ‘यूटोपिया’ (१५१६) या ग्रंथापासून मानण्यात येतो. फ्रान्सिस बेकन (१५६१–१६२६) यांच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू ॲटलांटिस’ (१६२७) मध्ये बेन्सालेम नावाचे बेट आहे. निसर्गाच्या संशोधनाला वाहिलेली ‘सॉलोमनचे गृह’ ही संस्था या बेटाचा मानबिंदू आहे. येथे बेकन यांनी एक लक्षणीय योजना केली आहे. या विज्ञाननिष्ठ राष्ट्राला ख्रिस्ती धर्म समुद्रात तरंगत आलेल्या एका पेटीतून व संत बार्थॉलोम्यू यांच्या पत्रातून प्राप्त झाला, असे ते दाखवितात. आणि ती घटना खरा चमत्कार असल्याची ग्वाही त्या संस्थेतील एक विद्वानच देतो. विज्ञानसंस्था आणि धर्म यांनी परस्परांना मान्यता देण्याचा हा व्यवहार सतराव्या शतकातील यूरोपीय जीवनातून उचललेला आहे.

भारतात बेगम रुकय्या सखावत हुसेन (१८८०–१९३२) यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ मध्ये मद्रासच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीतील स्त्रीराज्यात पुरुष पडद्यात राहतात, स्त्रिया सूर्याची उष्णता साठवितात आणि ढगांतून पाणी घेतात. लेखिकेने पडदापद्धतीची केवळ दिशा उलट केली. बाकीची सामाजिक चौकट वाचकाच्या परिचयाचीच ठेवली. त्यामुळेच तिच्यातील टीका धारदार झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेत या प्रकाराचा मोठा विस्तार झाला. आयझाक ॲसिमॉव्ह (१९२०–९२) यांनी एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथापासून स्फूर्ती घेऊन ‘फाउंडेशन’ (ग्रंथरूपाने १९५१) मधील आकाशगंगेचे साम्राज्य रचले. त्यातील एका टप्प्यावर शास्त्रज्ञांचे छोटे राष्ट्र आपले तंत्रज्ञान धर्माच्या रूपात शेजाऱ्यांना देते व पुरोहितांकरवी त्यांच्यावर ताबा ठेवते. वॉल्टर मिलर (१९२३–९६) यांच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ (१९५९) या कादंबरीत अणुयुद्धानंतर ख्रिस्ती मठवासी विज्ञानाचे तुटक अवशेष, अर्थ न कळताही, नकलून ठेवतात. प्राचीन ग्रंथ जतन करणाऱ्या मध्ययुगीन मठांचे कार्य हा तिचा आधार होय. फ्रँक हर्बर्ट (१९२०–८६) यांच्या ‘ड्यून’ (१९६५) मधील वाळवंटी जमातीची भाषा, तिची तारणहाराची कल्पना व तिचे धर्मयुद्ध यांवर अरबी-इस्लामी परंपरेची गडद छाया आहे. तारणहाराविषयीच्या दंतकथा एका संघटनेने पूर्वीच हेतुपुरस्सर पेरून ठेवलेल्या असतात व पुढे त्या राजकारणात वापरल्या जातात, हा त्या कादंबरीचा गाभा आहे. रॉजर झेलाझ्नी (१९३७–९५) यांच्या ‘लॉर्ड ऑफ लाइट’ (१९६७) मध्ये परग्रहावरील सत्ताधारी यंत्रांच्या साहाय्याने देहांतर करून हिंदू देवतांची रूपे धारण करतात व त्यांच्याविरुद्ध बुद्धाच्या भूमिकेतील नायक उभा राहतो. अर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) मध्ये याच्या उलट मार्ग अनुसरला. त्यांच्या हिमग्रहावरील दोन राष्ट्रे व दोन धर्म यांना कोणतेही परिचित नाव नाही. परंतु त्यांतील एका धर्माच्या वृत्तीत ताओ विचाराचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. इयन मॅक्डॉनल्ड (१९६०– ) यांच्या ‘रिव्हर ऑफ गॉड्स’ (२००४) मध्ये २०४७ मधील भारत अनेक स्वतंत्र राज्यांत विभागलेला दाखविला आहे.

मराठीतील पर्यायी इतिहास : मराठीत या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली व तेव्हापासून त्यांचे विज्ञानकथालेखन सुरू झाले. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. एका अपघातानंतर तो अशा मुंबईत जाऊन पोहोचतो, की जेथे ईस्ट इंडिया कंपनी अद्याप नांदत आहे. ग्रंथालयात जाऊन तो इतिहासाचे खंड चाळतो, तेव्हा १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा विजय झाल्याचे त्याला आढळते. विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात त्यांना केवळ चाटून गेलेली असते. या विजयानंतर कंपनीच्या विस्ताराला खीळ बसते, दिल्लीच्या तख्तावर नामधारी बादशाह राहतो, मराठी राज्यकर्ते पाश्चात्त्य विज्ञान आत्मसात करण्यासाठी स्वतःची केंद्रे काढतात आणि यथाकाल देश लोकशाहीकडे वळतो. मुंबई मात्र व्यापारी सोयीसाठी इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने राहते. आपल्या जगात परतल्यावर प्राध्यापकाच्या खिशात ‘भाऊसाहेबांची बखर’ या बखरीचे त्या दुसऱ्या जगातील पान निघते. त्याचा शास्त्रज्ञ मित्र, लहानशा बदलातून एकाएकी मोठे स्थित्यंतर घडण्याचा सिद्धांत आणि पुंजयामिकीतील अनिश्चितता यांच्या साहाय्याने या अनुभवाचा उलगडा करतो. या कथेचे इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्यामुळे ती मराठीबाहेरही पोहोचली.

या कथेतील राष्ट्र केवळ ‘मराठे जिंकले’ या समाधानासाठी रचलेले नाही. लेखकाने विजेत्या राज्याला तंत्रज्ञानाचा प्रश्न विचारला आहे : परकीयांचे ज्ञान त्यांचे वर्चस्व न स्वीकारता कसे घ्यावयाचे? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हा प्रश्न अनेक भारतीय दरबारांपुढे खरोखरच होता. ऐतिहासिक संबंध घेऊन एकच अट बदलण्याचे हे चांगले उदाहरण होय. जगांतील फरकाचा पुरावा म्हणून बखरीचे पान योजण्यातही औचित्य आहे. कारण बखर हा वाङ्मयप्रकारच इतिहास व आख्यान यांच्या सीमेवर वावरणारा आहे.

पानिपत व धुळे येथील साधनसंग्रह : या कथेने निवडलेल्या घटनेची अस्सल साधने प्रथम मोठ्या प्रमाणावर प्रकाशात आणण्याचे श्रेय इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांना जाते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या पहिल्या खंडात (१८९८) १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहार असून त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाडे यांनी बखरींची चिकित्सा करून समकालीन पत्रांचे महत्त्व प्रतिपादन केले. राजवाडे यांचा मृत्यू ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे झाला व त्यांच्या संग्रहाचे जतन करण्यासाठी १९२७ मध्ये त्याच नगरात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.

बखर आणि पत्रे यांतील भेद कल्पित राष्ट्र रचणाऱ्याला विशेष उपयोगी आहे. बखरीत लढाईचा निर्णय एका क्षणात, एका गोळीने लागतो. पत्रांत मात्र पैशाची टंचाई, धान्याची वाण, शत्रूची रसद तोडण्याविषयी गोविंदपंत बुंदेले यांना वारंवार धाडलेल्या आज्ञा आणि पुण्याशी तुटत गेलेला संपर्क यांचा मजकूर आढळतो. विश्वासराव वाचले असते, तरी उपाशी सैन्याला त्या सायंकाळी धान्य कोठून मिळाले असते, हा प्रश्न पत्रे वाचणाऱ्याच्या मनात येतोच. लघुकथेला एक वळणबिंदू पुरतो. तो नारळीकरांनी बखरीतून घेतला. याच कल्पनेवर दीर्घ कादंबरी रचावयाची झाल्यास मात्र लेखकाला पत्रांकडे वळावे लागेल व बदलाचा आरंभ रणभूमीवर न करता काही महिने आधी, रसदीच्या व्यवस्थेत करावा लागेल.

खानदेशातील इतिहाससामग्री : कल्पित राष्ट्राला कोणत्या प्रकारचा इतिहास उपयोगी पडतो, हे दाखविण्यासाठी जळगाव व धुळे जिल्ह्यांचा प्रदेश, म्हणजेच प्राचीन खानदेशाचा मुख्य भाग, उद्‌बोधक आहे. तापी नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश दख्खन, माळवा व गुजरात यांच्यामध्ये वसलेला असून मोठ्या सत्तांच्या कचाट्यात लहान राज्य कसे टिकते, याचा तो नमुना होय. खानदेशातील तीन उदाहरणे पुढे दिली आहेत.

पहिले उदाहरण फारुकी घराण्याचे (१३८२–१६०१) आहे. मलिक राजा याला दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेर व आसपासचा प्रदेश मिळाला आणि पुढे तो स्वतंत्र झाला. थाळनेर हे आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात असून तेथे फारुकी शासकांच्या कबरी आहेत. हे राज्य गुजरात, माळवा व बहमनी या बलाढ्य सुलतानींच्या तुलनेने लहान होते. सैन्यबळ मर्यादित असलेल्या या घराण्याने प्रतिष्ठेचे दोन आधार शोधले. आपण दुसरे खलीफा उमर ‘अल्-फारुक’ यांचे वंशज आहोत, असे ते सांगत व त्यावरूनच घराण्याला नाव मिळाले. दुसरा आधार सूफी संतांचा होता. मलिक राजाचा पुत्र नासिरखान (कार. १३९९–१४३७) याने तापीच्या एका काठावर शेख बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर व समोरच्या काठावर शेख झैनुद्दीन यांच्या नावाने झैनाबाद वसविले. स्वतः झैनुद्दीन यांनी नासिरखानाला भेटून ही नावे सुचविली, अशी कथा फिरिश्ता याच्या इतिहासात आली आहे. परंतु झैनुद्दीन यांचे निधन १३६९ च्या सुमारास, म्हणजे नासिरखान गादीवर येण्यापूर्वी सु. तीस वर्षे झालेले असल्याने ही भेट कालदृष्ट्या जुळत नाही. कथा खरी नसली, तरी तिची गरज खरी होती : नव्या राजधानीला संताचा आशीर्वाद हवा होता. एखाद्या राष्ट्राने स्वतःविषयी रचलेली कथा व तिच्यामागील गरज यांतील हे अंतर विज्ञानकथाकाराने जाणले पाहिजे. हर्बर्ट यांच्या कादंबरीत दंतकथा एका संघटनेकडून योजनापूर्वक पेरली जाते. प्रत्यक्ष इतिहासात ती बहुधा अनेकांच्या सोयीने, हळूहळू साकार होते.

याच प्रदेशाच्या नावांचा इतिहासही बोधप्रद आहे. यादवकाळात या भागाचा समावेश सेऊणदेशात होई. ‘खानदेश’ हे नाव फारुकी शासकांच्या ‘खान’ या पदवीवरून आले, असे एक मत आहे. ‘कान्हदेश’ म्हणजे कृष्णाचा देश, अशीही व्युत्पत्ती सांगितली जाते. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर शाहजादा दानियाल याच्या नावावरून ‘दानदेश’ असे नामांतर केले. ते टिकले नाही. इंग्रजी अमलात १९०६ मध्ये जिल्ह्याची पूर्व व पश्चिम खानदेश अशी विभागणी झाली. पुढे त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. फारुकींची राजधानी बुऱ्हाणपूर व असीरगड आज मध्य प्रदेशात आहेत. एका भूमीला लोकांच्या बोलण्यात एक, दप्तरात दुसरे व विजेत्याच्या फर्मानात तिसरे नाव असणे ही प्रत्यक्षातील नित्याची स्थिती आहे. कल्पित राष्ट्रांच्या नकाशांत मात्र बहुधा प्रत्येक प्रदेशाला एकच नाव आढळते.

दुसरे उदाहरण ज्ञानसंस्थेचे आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख असून तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव व त्याचा बंधू हेमाडिदेव यांनी एका मठाला दिलेल्या दानांची त्यात नोंद आहे. हा मठ भास्कराचार्यांचा नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि भास्कराचार्यांचे व त्यांच्या कुळातील इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी स्थापिला होता. लेखाचा विद्वत्परंपरा सांगणारा भाग संस्कृतात आहे, तर अखेरचा व्यवहाराचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावर राजाला मिळणारे काही कर मठाला दिल्याचे व तेलाच्या घाण्यांमागे पळीभर तेल द्यावयाचे, असे तपशील त्यात येतात. ग्रहगणिताच्या अभ्यासामागे पाटण्याचा बाजार व तेल्याचा घाणा उभा होता, हे या काही ओळींतून कळते. मिलर यांच्या कादंबरीतील मठाशी या मठाचे साम्य उघड आहे. तेथे अर्थ हरवलेल्या कागदांची जपणूक होते, येथे समजणाऱ्यांकडून अध्ययन चालविण्याची सोय होती. विज्ञान हे धर्माच्या आश्रयाने नांदू शकते, त्याला राजाची सनद लागते आणि त्याचा दैनंदिन खर्च सामान्य उत्पादक भरतो, ही त्रिसूत्री कोणत्याही ग्रहावरील वेधशाळेला लागू करता येईल. तसेच तिच्या ऱ्हासाची कारणेही तीतच शोधता येतील. आश्रयदाता मांडलिक, त्याचा सार्वभौम राजा वा बाजारपेठ यांपैकी काहीही कोसळले, तर ग्रंथ शिल्लक राहतात. पण ते शिकविणारी व्यवस्था राहत नाही.

तिसरे उदाहरण जित समाजाचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा व डोंगरांतील भिल्ल समाज इंग्रजी अमलाच्या आरंभीच्या कागदपत्रांत प्रामुख्याने ‘लुटारू’ म्हणून येतो. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश ताब्यात घेतल्यावर बंदोबस्तासाठी मोहिमा काढल्या आणि १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याच्या नेतृत्वाखाली धरणगाव येथे भिल्लांचीच पलटण उभारली. सेंधव्याच्या घाटातील वाहतुकीच्या रक्षणासाठी इंग्रजांच्या चाकरीत असलेला खाज्या नाईक १८५७ च्या उठावात भिल्लांचा पुढारी झाला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. एकच व्यक्ती सरकारी दप्तरात प्रथम रक्षक व नंतर बंडखोर म्हणून येते. त्या दोन नोंदींमधील मनुष्य मात्र त्या दप्तरात सापडत नाही. परग्रहावरील ‘रानटी’ जमाती रेखाटणारे बहुसंख्य लेखक नकळत वसाहतकालीन दप्तराचीच दृष्टी उचलतात. दप्तर कोणी लिहिले, हे ध्यानात घेतल्यास त्या जमातीलाही स्वतःचा कायदा, स्मृती व तक्रार असल्याचे दाखविता येते.

धर्माच्या उपयोगातील विशेष प्रश्न : कल्पित राष्ट्रांत धर्म बहुधा राजसत्तेचे साधन म्हणून येतो. हे चित्र अपुरे आहे. धर्माचा मोठा भाग राजाच्या नजरेआड, घराघरांतून चालतो. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते व दुसऱ्या दिवशी तिचे विसर्जन करतात. या उत्सवासाठी भाऊबंद एकत्र येतात आणि देवीचे रोट केले जातात. या व्रताचे व्यवस्थापन कुटुंबाकडे व भाऊबंदकीकडे असते. त्यासाठी राजाज्ञा लागत नाही वा मठाधिपतीची संमती लागत नाही. खानदेशावर फारुकी, मोगल, मराठे व इंग्रज असे राज्यकर्ते आले आणि गेले. सत्तांतराने फर्मानाची भाषा बदलते. स्वयंपाकघरातील व्रतवैकल्ये तितक्या लवकर बदलत नाहीत. कल्पित राष्ट्रात राजघराण्याचा धर्म असतो, पण लोकांचे सण नसतात, असे अनेकदा घडते व त्यामुळे त्या राष्ट्रातील लोक केवळ प्रजा म्हणून उरतात.

दुसरा प्रश्न औचित्याचा आहे. रोमन साम्राज्याचे अनुकरण केल्याने आज कोणी दुखावत नाही. परंतु हिंदू, बौद्ध, इस्लामी वा आदिवासी परंपरा हयात माणसांच्या आहेत. झेलाझ्नी यांच्या कादंबरीत देवतांची नावे व आयुधे आहेत, पण त्या देवतांना मानणाऱ्या समाजाचे अंतरंग क्वचितच दिसते. हर्बर्ट यांनी अरबी संज्ञा मुक्तपणे वापरल्या. पुढे जागतिक राजकारणात त्या संज्ञांना आलेल्या अर्थांमुळे कादंबरीचे वाचनही बदलले. यावरून परक्या धर्माचा आधार घेऊच नये, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. आधार घेतलेली श्रद्धा आतून कशी दिसते याचा अभ्यास करावा आणि तिच्या अनुयायांनाही आपसांत मतभेद, शंका व विनोद असतात हे विसरू नये, एवढी अपेक्षा मात्र रास्त होय.

मर्यादा : कल्पित राष्ट्राच्या रचनेत सामान्यतः चार दोष आढळतात. (१) एका संपूर्ण संस्कृतीचे एकाच गुणात सरलीकरण करणे, उदा., सर्व वाळवंटवासी योद्धे असणे. (२) परस्परविरोधी काळांतील बाबींचे कारण न देता मिश्रण करणे, उदा., आंतरग्रहीय प्रवास असताना दूताने घोड्यावरून निरोप नेणे. (३) अर्थव्यवहाराचा अभाव. (४) घडलेल्या अन्यायाचे केवळ पात्रांची अदलाबदल करून समाधान मिळविणे. यांतील चौथा दोष पर्यायी इतिहासात विशेषत्वाने संभवतो. पराभवाच्या जागी विजय घालून वाचकाला सुखावणे सोपे असते. विजयानंतरच्या राज्यात शेतकरी, स्त्रिया, अस्पृश्य मानलेले समाज व जिंकलेले प्रदेश यांचे काय झाले असते, हे सांगणे अवघड असते.

याहून गंभीर धोका साहित्याबाहेरचा आहे. प्रभावी कल्पित भूतकाळ कालांतराने खऱ्या भूतकाळाची जागा घेऊ शकतो. बखरींच्या बाबतीत हे घडलेले आहे व ते दूर करण्यासाठी राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांना गावोगाव हिंडून पत्रे गोळा करावी लागली. नारळीकरांच्या कथेत प्राध्यापक दुसऱ्या जगातील पान हाती येताच त्याची छाननी करतो, त्याची तुलना आपल्या जगातील बखरीशी करतो व मित्रापुढे ठेवतो. कल्पनेलाही पुराव्याच्या न्यायासनासमोर उभे करण्याची ही वृत्ती विज्ञानकथेला साजेशी आहे. कथा पर्यायी जगाची शक्यता दाखवू शकते. आपल्या जगात काय घडले, याचा निर्णय मात्र धुळ्यातील दप्तरे व पाटण्याचा शिलालेख यांसारखी साधनेच देऊ शकतात.

मराठी विज्ञानकथेने पर्यायी इतिहासासाठी पानिपतासारख्या सर्वपरिचित घटनेचा उपयोग केला. फारुकींचे सीमाराज्य, चांगदेवाचा मठ किंवा सातपुड्यातील भिल्ल नाईक यांसारख्या प्रादेशिक इतिहासाच्या अंगांतही या प्रकारास विपुल वाव आहे. या सामग्रीतून कल्पित राष्ट्र रचताना लेखक किती नवी नावे योजतो, यापेक्षा त्या राष्ट्रात घाण्याचे तेल कोणाला जाते, हे त्याला ठाऊक आहे की नाही, यावर त्या राष्ट्राचा खरेपणा अवलंबून राहील.